रक्तातला मुक्काम

४ नोव्हेंबर

वाचनालयात पेपरच्या टेबलावर कुणीतरी एक छापील कागद चिकटवून गेलंय. एका प्रयोगशाळेला रक्त हवंय. आजारी माणसांचं नाही, निरोगी माणसांचं. उभ्या उभ्या दोनदा वाचलं. हर्पिस नावाच्या घराण्यातले विषाणू एकदा अंगात शिरले की माणूस बरा झाला तरी ते जात नाहीत. आत कुठंतरी झोपून राहतात, जन्मभर. धडधाकट माणसाच्या रक्तात ते सापडतात का, किती सापडतात, हे बघायचंय म्हणे. एका घरातल्या दोन पिढ्या आल्या तर उत्तमच.

नंबर वहीत उतरवला. शीतल शाळेत शिकवून घरी आली, चप्पलही काढू दिली नाही तिला.

"आई, लोक निरोगी आहोत म्हणून देवाला नारळ फोडतात. तू झोपलेल्याला उठवायला निघालीस."

"उठवायचं नाही. नुसतं बघायचं."

"मला सुई टोचून?"

"मलाही टोचणार आहेत."

हे असते तर म्हणाले असते, कमल, तुला चौकशा फार. हो, आहेत.

८ नोव्हेंबर

रक्त देऊन आले. मी आणि शी. प्रत्येकी तीन नळ्या. त्याआधी आठ पानांचा संमतीचा कागद. पूर्ण वाचला. रक्त काढणारे करीमभाई हातात सुई घेऊन ताटकळले होते. "काकू, इत्ता ध्यान से तो लोगां निकाहनामा बी नै पढते."

चार शब्द अडले. मग संशोधन करणाऱ्या डॉ. फरहाना स्वतःच येऊन बसल्या. शी.पेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. सापडलं तर आम्हाला सांगणार का, विचारलं. त्यासाठी चौकोन आहे, म्हणाल्या, हो किंवा नाही. मी 'हो'वर खूण केली. शी. 'नाही'कडं निघाली होती. मी नुसतं बघितलं तिच्याकडं.

रीत अशी: रक्त गरगर फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या. त्यांतला डीएनए काढायचा. त्यात विषाणूचा एखादा तुकडा असेल तर त्याच्या प्रती करत जायचं, एकाच्या दोन, दोनाचे चार, शेवटी दिसेल इतका.

मी म्हटलं, "म्हणजे गव्हाच्या पोत्यात एक खडा असेल तर त्याचे पोतंभर खडे करायचे."

"काकू, हे मी उद्या वर्गात सांगणार."

दिवसभर हेच डोक्यात. भाजीत मीठ राहिलं.

१६ नोव्हेंबर

वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. एक शाळेचंच आहे, पण बरं आहे.

कांजण्या आणि नागीण एकच! लहानपणी कांजण्या येऊन जातात, तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडी मारतो आणि पन्नाशीनंतर नागीण होऊन वर येतो. म्हणजे ह्यांना कमरेला नागीण झाली ती बाहेरून आलीच नव्हती. लहानपणापासून सोबत होती.

तेव्हा पाचोडहून वन्सं धावत आल्या होत्या, काव लावणाऱ्या बाबाला घेऊन. त्यानं लाल कावेनं कमरेवर अख्खी नागीण काढली, तोंड आणि शेपूट जुळू नये म्हणून मधे आडवी रेघ. वन्सं आठ दिवस ह्यांच्या उशाशी. ह्यांची थोरली बहीण; ह्यांना भानू म्हणायच्या. आई मेंढरांमागं, म्हणून वन्संनीच ह्यांना कडेवर वाढवलेलं. मी गोळ्याही देत होते. कशानं बरं वाटलं यावरून आम्ही दोघी भांडलो, हे मधे पडून हसत होते.

चार वर्षं झाली, वन्संचा फोन नाही. करायला तोंड मला नाही.

५ डिसेंबर

डॉ. फ.चा फोन. शीतलचं रक्त पुन्हा घ्यायचंय, दोघी उद्या या. घाबरण्यासारखं नाही, म्हणाल्या. असं म्हटल्यावर कोण घाबरायचं राहतं.

शी.ला सांगितलं. म्हणाली, "तरी मी 'नाही'वर खूण करत होते."

६ डिसेंबर

  सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाटेल मीच रचलं.

माझ्या रक्तात एक विषाणू सापडला, कसाबसा. लाखो पेशींत दोन-चार. बहुतेक मोठ्या माणसांत असतो म्हणे, झोपलेला. पहिल्यांदा तर सापडलाही नव्हता, दुसऱ्या नळीत सापडला. म्हणजे 'सापडला नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. हे आवडलं.

शी.च्या रक्तात दुसराच. घराण्यातला सहावा. लहान बाळांना ताप येऊन अंगावर गुलाबी पुरळ उठतं, तो. जवळपास सगळ्यांना होऊन गेलेला असतो आणि मग शोधूनही सापडत नाही इतका थोडा उरतो. शी.च्या रक्तात मात्र जितक्या पेशी तितका. एका पेशीला एक. त्यांना आधी वाटलं नळीच खराब झाली. तीनदा करून बघितलं.

दोन शक्यता. एक, ताजी लागण. मग महिन्याभरात आकडा उतरेल. दुसरी: कधीच्या काळी कुणा पूर्वजाच्या अंगात शिरलेला तो थेट बीजात जाऊन बसला, डीएनएच्या दोरीलाच गाठ मारून. मग तो कुणापासून लागत नाही, वारशानं येतो. जन्मापासून, पेशीपेशीत, केसांच्या मुळातसुद्धा.

शी.नं विचारलं, "मला काही होईल का?"

"बहुतेकांना काहीच होत नाही. सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही, हे खरं सांगते. पण पुढं कधी कुठल्या दवाखान्यात हा आकडा बघून कुणी कडक औषधं द्यायला निघालं तर त्यांना हे आधी सांगायचं."

मी विचारलं, "वारशानं म्हणजे कुणाकडून?"

"आई नाहीतर वडील."

"आणि माझ्या रक्तात तो..."

"तुमच्यात नाही, काकू."

रिक्षात शी. म्हणाली, "रडतेस कशाला, मला काही झालेलं नाही." मी रडत नव्हते. म्हणजे डोळ्यांत पाणी होतं, पण ते वेगळं.

७ डिसेंबर

शी. जन्मली तेव्हापासून ऐकतेय, अगदी आईवर गेली. नाक माझं, कपाळ माझं, हट्ट माझा. हे कौतुकानं म्हणायचे, मी नुसता पाहुणा आहे या घरात. हे गेल्यावर मी चोरून शोधायचे तिच्यात. चालण्यात, शिंकण्यात. पायाचा अंगठा तरी. काही नाही.

आणि आता डॉ. फ. म्हणतात, हे तिच्या रक्ताच्या थेंबाथेंबात.

अजून नक्की नाही. कमल, अजून नक्की नाही.

५ जानेवारी

शी.चं रक्त पुन्हा, दोघींचे केस मुळासकट. करीमभाईंनी चिमट्यानं उपटले. "दुख्या क्या काकू?" म्हटलं, अजून दहा घ्या.

१२ जानेवारी

आकडा तसूभरही उतरला नाही. शी.च्या केसांच्या मुळात तो आहे. माझ्यात नाही. म्हणजे ह्यांचाच!

डॉ. फ. म्हणाल्या, "शंभर टक्के नाही, शंभरातले नव्याण्णव म्हणा. क्वचित नव्यानं होऊ शकतं. वडिलांकडचं रक्ताचं कुणी असेल तर पुढं जाता येईल. रक्त नको, केसही चालतील."

मी म्हटलं, एक बहीण आहेत.

"मग सोपंय."

सोपं नाही. ते इथं तरी लिहावं. मे महिना होता. ह्यांना घाटावर न्यायची तयारी झाली तेव्हा वन्सं गेवराईकडच्या एका लग्नातून निघाल्या होत्या. गाडीचं टायर फुटलं, फोन आला, दोन तास लागतील, थांबा. लोक माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, उचला. वन्सं पोचल्या तेव्हा धूर होता. त्यांनी भावाचं शेवटचं तोंड बघितलं नाही.

तेराव्यालाही माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या वड्या केल्या. वन्संना फोन लावला, आवाज ऐकून कट. पुन्हा लावला, कट. वड्या बऱ्या झाल्यात.

शी. म्हणते, "घरी जाऊ नकोस, दार लावून घेईल आत्या. बाजारात गाठ. भाजी सोडून कुठं जाणारे?" पोरगी माझ्यावरच गेली आहे.

१८ जानेवारी

फजिती. लिहायलाही लाज वाटते.

पाचोडच्या बाजारात गेले. वन्सं गवारीचे वाटे लावून बसलेल्या. म्हाताऱ्या झाल्यात. समोर बसले. "वन्सं," म्हटलं. त्यांनी गवारीवर पाणी शिंपडलं.

चार वर्षांचं साठलेलं, त्यात हे नवं, माझं बोलणं उलट्या टोकाकडून सुरू झालं. आधी सांगायला हवं होतं शी.चं. मी पिशवीतून कागदी पाकीट काढलं आणि म्हणाले, "वन्सं, तुमचे दहा केस हवेत. मुळासकट."

शेजारची कांदेवाली वळून बघायला लागली. वन्संनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मग पिशवीकडं. पिशवीत लिंबं होती, येतानाच लोणच्याला घेतलेली. स्वस्त होती.

"आज काय हाय ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं. मी कॅलेंडर फक्त सिलिंडरच्या तारखेसाठी बघते.

"आमुशा हाय." मग कांदेवालीला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बघ गं. चार वर्सानं भावजय आली. आमुशाला आली. पिशवीत लिंबं. आन मागती काय, तर माझे क्यास."

"करणी करती का काय बया," कांदेवाली म्हणाली आणि आपला पदर डोक्यावर ओढून घेतला.

मी म्हणत राहिले, विषाणू, रक्त, प्रयोगशाळा. प्रत्येक शब्दानं जास्तच बिघडत होतं. शेवटी वन्सं म्हणाल्या, "ऊठ कमळे. गिऱ्हाईक मोडती माझं." उठले. वड्यांचा डबा गवारीशेजारी ठेवला. तो त्यांनी मागं फेकला नाही. हात मात्र लावला नाही.

१९ जानेवारी

शी.ला सांगितलं. ती आधी गंभीर होती. लिंबांपाशी आल्यावर जमिनीवर बसली हसत. मग मीही. पोट दुखेपर्यंत. हे असते तर यांनी ही गोष्ट जन्मभर सांगितली असती.

लिंबांचं लोणचं घातलं.

२६ जानेवारी

शी.चं झेंडावंदन आटोपल्यावर दोघी निघालो. घरीच गेलो. वन्सं दारात.

"लिंबं आनली का?"

"नाही."

"आज आमुशा बी नाय. बघितलंय मी." शी.ला जवळ ओढलं, "किती वाळली गं. आई नुसती पुस्तकं खायला घालती का?" ओट्यावर बसवलं. मलाही चहा, पण कपबशीत, परक्यासारखा. त्यांच्या दोघींचा पितळीत. वड्यांचा डबा घासून कोनाड्यात ठेवलेला दिसला.

मी गप्प बसायचं, शी.नं बोलायचं असं ठरलं होतं. वर्गात शिकवते तसं तिनं सांगितलं, शांतपणे.

"म्हंजी रोग हाय."

"रोग नाही आत्या. कधीतरी कुणाकडं तरी मुक्कामाला आला आणि गेलाच नाही."

"घरजावयासारखा." मग विचार करून, "मेंढरावानी म्हन की. आमच्या मेंढरांच्या डाव्या कानाला दोन काप. हजारात वळखून काढायची मी. पर ती खूण पिल्लागनिक नव्यानं करावी लागती. आईच्या पोटातून काप घिऊन कुनी येत नाय."

"ही येते आत्या. हीच तर गंमत आहे."

वन्संनी शी.चा डावा कान हातात धरला. बराच वेळ बघत होत्या, जणू तिथंच दिसणार.

"मंग भानूत व्हता ह्यो?"

मी म्हटलं, "असणार."

"तोंडावर दिसला आसता?"

"नाही वन्सं. दिसत नाही तो."

"तोंड तरी कुठं बघू दिलंस."

एवढंच. आवाज चढवला नाही. चार वर्षं मी कारणं पाठ करून ठेवली होती. ऊन होतं, लोक म्हणत होते, अंधार पडला असता. त्यातलं एकही बोलले नाही. म्हटलं, "मला थांबता आलं असतं. दोन तासांचं होतं. मीच म्हणाले उचला. मला ते तसे पडलेले बघवत नव्हते, म्हणून."

हे मी शी.लाही कधी सांगितलं नव्हतं.

वन्सं उठून आत गेल्या. मला वाटलं झालं, संपलं. शी.नं पिशवी उचलली. तर त्या बाहेर आल्या मिसरीची रिकामी डबी घेऊन.

"तुझे दे आदी."

"माझे घेतलेत त्यांनी."

"त्यान्ला नाय. मला. माझे क्यास तुझ्याकडं जानार, मंग तुझे माझ्याकडं ऱ्हाऊ दे. तू कायी केलंस तर मी बी करीन."

शी.नं तोंडाला ओढणी लावली. मी उपटले. वन्संनी मोजून घेतले. दोन मधेच तुटले होते, ते परत दिले. "मुळासकट. तूच म्हनलीस." दहा भरल्यावर डबी बंद करून कनवटीला. मग स्वतःचे उपटले, पांढरेशुभ्र, डोळ्याची पापणी न हलवता. डॉ. फ.नी फोनवरून त्यांच्याशी बोलून घेतलं, मग कागदावर सही. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

निघताना मला म्हणाल्या, "आकडा आला की कळव." चार वर्षांनी मला उद्देशून असं वाक्य, ज्यानं बोलणं संपत नाही.

२७ जानेवारी

पाकीट पोचवलं. करीमभाई म्हणाले, "मिल गए? हमको तो लगा तुमे बी नै मिलते." म्हटलं, बदल्यात देऊन आणलेत.

एक गोष्ट मात्र डॉ. फ.नी आज सांगितली. ह्यांच्यात असला तरी वन्संच्यात असेलच असं नाही. आईबापांपैकी एकाकडून आला असेल तर प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता. नाणं उडवल्यासारखं. हे मला आधीच सुचायला हवं होतं, एवढं वाचून.

नसला तर? आधी तोंड बघू दिलं नाही, आता हेही नाही तुमच्यात, असं सांगायला जाऊ?

९ फेब्रुवारी

वन्संचा दर दोन दिवसांनी फोन. "आलं का?" नाही म्हटलं की ठेवतात. आज धीर करून अर्ध्या शक्यतेचं सांगितलं.

त्यांनी हिशेब मांडला. मग, "म्हंजी बापानं भानूला दिलं आन मला नाय, आसं बी आसू शकतं."

"हो."

"जमिनीसारखंच झालं की मंग."

मला हसू आलं, दाबलं. त्या मात्र खुदकन हसल्या. मी चार वर्षं ऐकलं नव्हतं. ह्यांच्यासारखंच, नाकातून. हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

"नसला तर शीतलला धाड आठ दिस. तिच्यात तर हाय ना?"

"आहे."

"झालं मंग. तुझे क्यास जपून ठिवलेत बरं का. इसरू नको."

२० फेब्रुवारी

डॉ. फ.चा फोन. आलंय. मी म्हटलं, थांबा, फोनवर सांगू नका. लिफाफ्यात बंद करून द्या. बिचारी म्हणाली, "काकू, मला सांगायची किती घाई झालीय." यावरून काही ओळखायचं नाही, असं स्वतःला बजावलं. ओळखलं नाही. ओळखत होते.

लिफाफा घेऊन आले. लगेच वन्संना फोन.

"उघडला?"

"नाही."

"मी सकाळच्या गाडीनं येते." मग फोन ठेवता ठेवता, "कमळे. ह्या डावाला थांब."

२१ फेब्रुवारी

सकाळी सातलाच घर आवरून झालं. शी. शाळेत जाताना दोनदा म्हणाली, कळलं की फोटो पाठव. लिफाफा आधी ह्यांच्या तसबिरीसमोर ठेवला. मग वाटलं, उगीच देवासारखं नको. टेबलावर ठेवला. आता उन्हाकडं धरला तर आतलं दिसेल का, म्हणून परत तसबिरीमागं.

साडेनऊला वन्सं यायला हव्या होत्या.

दहा. डॉ. फ.चा मेसेज, "पाहिलं का काकू?" उत्तर दिलं नाही.

सव्वादहा. वन्संचा फोन. गाडी आडूळच्या अलीकडं उभी आहे. टायर.

 पलीकडं कंडक्टर कुणाला तरी ओरडत होता.

"किती वेळ लागल काय म्हाईत. दीड-दोन तास म्हनतोय."

"लागू दे."

"उघडायचा आसंल तर..."

"वन्सं, मी बसलेय."

चहाचं आधण उतरवून ठेवलं. अकरा वाजलेत. लिफाफा आहे तिथंच आहे.